वीतभर जागा

१

आमचे हे एकदा मला पालघरच्या बाजारात विसरून गेले होते. म्हणजे झालं असं की मी कॅरिअरवर उडी मारणार तेवढ्यात हातातली पिशवी सुटली, वांगी रस्त्यावर पडली, मी वेचायला वाकले आणि ह्यांनी पायडल मारलं ते थेट बोईसर गाठलं. वाटभर माझ्याशी बोलत गेले म्हणे. मुकादम कसा खवट आहे, साइटवर नवीन क्रेन कशी आलीय, सगळं सांगून झालं. खोलीपाशी आल्यावर "हं, आण ती पिशवी" म्हणून हात मागं केला तेव्हा कळलं, मागं कुणीच नाही. मी तोवर एका गवताच्या बैलगाडीत बसून शिव्यांची जुळवाजुळव करत होते.

"इतका वेळ मी गप्प," मी विचारलं, "तुम्हाला शंका नाही आली?"

"आली ना," हे म्हणाले. "पण म्हटलं, आज नशीब उघडलंय."

त्या दिवसापासून मी घरात नियमच केला. चाक हलवायच्या आधी विचारायचं, "बसली का?" मागून "बसले" आलं तरच निघायचं. उतरताना तसंच. "उतरली का?" "उतरले" ऐकल्याशिवाय टांग काढायची नाही, नाहीतर मागं लेकरू असलं तर लाथ बसायची त्याला. आमची पारू तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिला कॅरिअरवरून आपलं आपण उतरता यायचं नाही. दोन्ही काखांत हात घालून मीच खाली घ्यायची. पाय जमिनीला लागले की ती मोठ्यानं सांगायची, "उतरले." तिला तो खेळच वाटायचा.

तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. ह्यांचं नाव चंद्रभान. तेव्हा मी नाव घेत नव्हते, आता म्हातारपणी कोण विचारतंय. हे तिथं फिटर होते आणि धाकटे दीर रामकिसन ह्यांच्या हाताखाली. आम्ही मूळचे नाशिककडचे, बोईसरच्या पुढं पामजवळ भाड्याच्या खोलीत राहायचो. त्र्यंबकच्या अलीकडे माझं माहेर. माझ्या धाकट्या भावाचं, भगवंतचं लग्न निघालं, आणि पारूला एसटी लागायची. लागायची म्हणजे साधी नाही. आदल्या वर्षी जव्हारच्या घाटात ओकून ओकून पोर इतकी निपचित पडली की कंडक्टरनं गाडी थांबवून तिच्या तोंडावर पाणी मारलं होतं. तेव्हाच मी ठरवलं, पायी नेईन पण एसटीनं नेणार नाही.

"सायकलनं जाऊ की," रामकिसनभाऊजी म्हणाले. लोक हसले. तरी आम्ही गेलो. ह्यांच्या सायकलीवर मी आणि बोचकं, भाऊजींच्या सायकलीवर पारू. मुक्काम करत, घाटात सायकली ढकलत पोचलो. लग्न झोकात झालं. परतताना पारू वरातीतल्यासारखी ऐटीत बसली होती. एवढं सगळं नीट पार पडलं, आणि जे व्हायचं ते घर हाकेवर आल्यावर झालं.

२

परतीचा शेवटचा दिवस. मनोर मागं पडलं आणि भर दुपारी आम्ही मासवणला सूर्या नदीच्या काठी जेवायला थांबलो. भात कापून झाला होता, शेतं मोकळी पडली होती. माणूस कुठं दिसत नव्हतं. करंजाच्या झाडाखाली भाकरी खाल्ली, वर लग्नातले बुंदीचे लाडू. पारू घोटाभर पाण्यात पाय बुडवून आली.

हे बोचकं बांधत होते. भाऊजी वर रस्त्यावर सायकल धरून आमच्याकडे पाठ करून उभे, शीळ घालत. मी खाली दगडावर बसून पदरानं पारूचे पाय पुसत होते. पोर माझ्या मांडीवर होती. तोंडात लाडूचा घास होता, गाल फुगलेले.

भाऊजींनी सवयीनं विचारलं, "पारू, बसली का?"

"बसले."

भाऊजी निघाले.

मी पारूच्या तोंडाकडे बघितलं. ती चावत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि गिळून म्हणाली, "आई, काका मला सोडून चालले."

३

हाका मारमारून आम्ही त्यांना वळणावरून परत आणलं. त्यांनी कॅरिअरकडे पाहिलं, मग माझ्या कडेवरच्या पारूकडे पाहिलं.

"वहिनी, थट्टा करू नका. मागं वजन होतं."

"वजन तुमच्या पोटात आहे," मी म्हटलं. "सात लाडू खाल्ले."

कोणी हसलं नाही. आवाज ह्यांनीही ऐकला होता, हुबेहूब पारूचा. हे म्हणाले, आसपास गुराखी पोरं असतील, केली असेल मस्करी. मलाही ते पटलं. माझे वडील तालमीतले. ते म्हणायचे, भूत म्हणजे रिकाम्या पोटातला वारा. आमची पोटं तर भरलेली होती, मग कसली भीती. पण एक गोष्ट मी कोणाला बोलले नाही. कॅरिअरवर पारूला बसायला पोत्याची घडी बांधलेली होती. पारूला बसवताना माझा हात त्या घडीला लागला. ती ओली होती, पिळली असती तर पाणी निघालं असतं. पारूचे पाय भिजले होते हे खरं, पण पारू अजून तिथं बसलीच नव्हती. पाण्याचा डबा बघितला. तो ह्यांच्या सायकलीला होता आणि त्याचं झाकण घट्ट होतं.

भाऊजींनी या वेळी दोनदा मागं वळून खात्री केली आणि मगच पायडल मारलं. आम्ही त्यांच्या मागं. मी कॅरिअरवरून मान काढून बघत होते. एवढीशी आमची पोर, अंगावर मूठभर मांस नाही, पण भाऊजींचं मागचं चाक दबलं होतं. आणि रस्त्यावरच्या धुळीत त्यांच्या चाकामागं थेंब पडत गेले होते.

मी ह्यांच्या पाठीला चिमटा काढला. "थेंब दिसतात का तुम्हाला?"

"चेनचं तेल असेल," हे म्हणाले.

तेलाचे थेंब काळे असतात हे फिटरला मी काय सांगायचं. हे चढ लागेपर्यंत बोलले नाहीत, आणि न बोलणारा हा माणूस नव्हता.

४

पालघरच्या अलीकडे वाघोबाची खिंड लागते. तिथं सगळे उतरलो. पारूला मी उतरवून घेतली, तिनं "उतरले" म्हटलं, आणि बोट धरून चालायला लागली. ह्यांनी आपली सायकल बोचक्यासकट सहज वर नेली. भाऊजींची सायकल रिकामी. विशीतला गडी, सिमेंटची पोती उचलणारा, तो रिकामी सायकल ढकलताना वाकला होता आणि सदरा पाठीला चिकटला होता.

"ब्रेक घासतोय का हो?" मी विचारलं.

"नाही वहिनी. बघितला मी."

चढ संपला तिथं एक बाई टोपली शेजारी ठेवून बसली होती. सुकी मासळी घेऊन आतल्या गावांत विकायला जातात ना, त्यांतली. टोपली निम्मी रिकामी झाली होती. वय झालेलं, पण बसणं ताठ. मी विचारपूस केली. नाव जमना, तारापूरकडची. पुढं एसटी पकडणार म्हणाली.

ह्यांचा स्वभाव मोकळा. म्हणाले, "मावशी, द्या ती टोपली ह्याच्या कॅरिअरवर. एसटीच्या थांब्यापर्यंत नेतो आपण."

बाईनं भाऊजींच्या सायकलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"त्याच्यावर जागा कुठं हाय?"

"रिकामंच आहे की," भाऊजी म्हणाले. घाम पुसायचा थांबले ते.

"नाय. जागा नाय." तिनं टोपली उचलून डोक्यावर घेतली. मग माझ्याकडे वळली. "कुठवर जाता तुमी?"

"पामला. का हो मावशी?"

"मग हलू न्या तिला. दमली हाय."

मी म्हटलं, "आमची पारू? छे, ही कसली दमतेय." पारू माझ्या बोटाला धरून उभी होती. पण बाई पारूकडे बघून बोलत नव्हती.

५

बाई झपाझप पुढं निघून गेली. खिंड उतरून पालघर दिसायला लागलं तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला. गाव आलं, माणसं आली, आता कसली काळजी. पारू पुन्हा भाऊजींच्या मागं बसली होती. बसवताना पोत्याच्या घडीकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

एवढ्यात पारू ओरडली, "आई, हिला मागं सरकायला सांग ना. मी पडेन."

मी चालत्या सायकलीवरून उडी मारली. कशी मारली ते मला ठाऊक नाही. पारू कॅरिअरच्या एका कडेला आली होती, अर्धी बाहेर, आणि तिची टाच चाकाच्या आऱ्यांना लागायला बोटभर अंतर उरलं होतं. मी तिला ओढून छातीशी धरली. तिचा फ्रॉक पाठीकडून चिंब ओला होता. कमरेशी कापड गोळा झालं होतं, मुठीत धरल्यासारखं.

"कोणाला सरकायला सांगू, पारू?"

"हिला." तिनं रिकाम्या कॅरिअरकडे बोट केलं. "माझा फ्रॉक सोडतच नाही. तिला पडायची भीती वाटते."

भाऊजींच्या हातून सायकल सुटली. पण ती दाणकन पडली नाही. जड माणसासकट कलंडावी तशी सावकाश आडवी झाली.

"टाकतो इथंच," ते म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "दादा, आपण आगगाडीनं जाऊ. सायकल गेली खड्ड्यात."

हे हो म्हणणारच होते. मी म्हटलं, "आणि ती?"

दोघांनी माझ्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं. पण मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. तिनं धरलं होतं ते सायकलीला नाही, पारूच्या फ्रॉकला. सायकल टाकून गेलो तर ती रस्त्यावर थोडीच बसणार होती? आगगाडीत माझ्या मांडीवर पारू असेल, आणि पारूच्या मांडीवर कोण असेल? मग घरात, पारूच्या अंथरुणात? नाही. आम्ही विचारलं होतं आणि ती बसली होती. आता नीट उतरवल्याशिवाय सुटका नव्हती.

भाऊजींनी सायकल उभी केली आणि विचारलं, "उतरली का?" उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. ह्यांचा धीर सुटला आणि हे तिच्यावर ओरडले, "उतर खाली."

पारू रडायला लागली. "अण्णा, नका ना ओरडू. ती अजून लहान आहे."

मग ह्यांनी पारूला जवळ घेतलं. बापमाणूस होते, त्यांनाही ते लागलं असणार.

६

पारूला ह्यांच्या पुढं दांड्यावर बसवली, मी मागं, आणि भाऊजी एकटे. एकटे म्हणायचं आपलं. आम्ही त्यांना पुढं ठेवलं होतं. हळू चालवा, मी सांगितलं होतं. का सांगितलं? त्या बाईनं सांगितलं होतं म्हणून.

ऊन उतरलं. बोईसरला साइटवरून सुटलेली माणसं घोळक्यानं येत होती. त्यांतला एक हिंदी बोलणारा हातात डबा घेऊन चालला होता. भाऊजी जवळून जाताना तो थांबला आणि म्हणाला, "अरे भाई, बच्ची को ठीक से बिठाओ. सो गई है, गिर जाएगी."

भाऊजींनी मान हलवली. ते रडत होते, आवाज न करता. मला त्यांची फार दया आली. घाबरला होता तो पोरगा, तरी त्या शब्दांनंतर त्यानं एक हात हँडलवरून काढला आणि मागं धरला, झोपलेल्या मुलाला सावरायला धरतात तसा. तसाच एका हातानं चालवत राहिला.

पामच्या अलीकडे समुद्राकडे एक वाट फुटते. तिथं ताडाची दोनचार झाडं होती आणि झाडाखाली जमना उभी होती. आमच्या हळू चालण्यानं एसटी केव्हाच पुढं गेली असणार, तेव्हा ती आधी पोचली यात नवल नव्हतं. टोपली खाली ठेवली होती. कोणाची तरी वाट बघत असावी. भाऊजींची सायकल तिथं आली आणि थांबली. "पायडल फिरत नाही," ते म्हणाले. एक पाय टेकवून ते तसेच उभे राहिले. मागं वळून बघायची त्यांची छाती नव्हती.

"उतरली का?" त्यांनी विचारलं.

काही नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि स्वतःच्या अकलेची कीव आली. दिवसभर आम्ही तिला उतर, उतर म्हणत होतो. पारू कधी आपली आपण उतरली होती? एवढ्या उंचावरून लहान लेकरू उतरणार कसं? कोणीतरी खाली घ्यावं लागतं.

मी ह्यांच्या कॅरिअरवरून उतरले. हे म्हणाले, "इंदू, नको." मी पुढं गेले. दोन्ही हात त्या रिकाम्या पोत्याच्या घडीवर नेले, काखेत हात घालायला नेते तसे. आधी नुसती हवा लागली. मला वाटलं, चला, सगळा भ्रम होता. मग बोटांना गार लागलं. ओलं कापड, आणि कापडाच्या आत बारीक बरगड्या.

मी उचललं. दिवसभर चाक दाबणारं ओझं ते, पण हातात आलं तेव्हा माझ्या पारूपेक्षाही हलकं होतं. दोन हात माझ्या गळ्यात पडले. मी डोळे मिटले होते. एकदाच किलकिले केले, तेव्हा हनुवटीखाली एक ओला भांग दिसला आणि त्यात अडकलेलं नदीतलं शेवाळ. पुन्हा मिटले. वाकून खाली ठेवलं. गळ्यातले हात लगेच सुटले नाहीत. मी सोडवले नाहीत, ते आपोआप सुटेपर्यंत तशीच वाकून राहिले.

"उतरली का, बाळ?" मी विचारलं.

"उतरले."

आवाज पारूचा नव्हता. तो तिचा तिचा होता.

जमनानं टोपली डोक्यावर चढवली. दुसऱ्या हाताचं एक बोट तिनं खाली सोडलं, आणि समुद्राच्या वाटेला लागली. मघाशी खिंडीत ती झपाझप चालली होती. आता ती लहान मुलाच्या चालीनं, थांबत थांबत चालली होती. म्हातारी बाई, दिवसभर पायपीट झालेली, दमली असेल असंही म्हणता येईल. मी तसं म्हणून पाहिलंय, पुष्कळदा.

७

आठवड्याच्या बाजारात जमना दिसली. मी टाळणार होते, पण पारू माझ्याबरोबर नव्हती म्हणून धीर करून गेले. सुकट घेतली. तिनं मोजून दिली आणि वर एक मूठ घातली. नदीचं नाव नाही, रस्त्याचं नाव नाही. मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, "ती इचारते."

"काय?"

"पारू परत कदी यायची, सायकलीवर बसायला."

पारूचं नाव मी तिला सांगितलं नव्हतं. की खिंडीत सांगितलं होतं? सांगितलं असेल. मी सुकटीची पुडी पदरात बांधली आणि माझ्या तोंडून जे आलं ते आलं. म्हटलं, "पारूला सायकल लागते हो मावशी."

तिनं मान हलवली. तिला ते खरं वाटलं का नाही देव जाणे. वाईट मलाच वाटलं. दुसऱ्याच्या लेकराला खोटं सांगून पाठवावं तसं झालं.

भाऊजींनी कॅरिअर काढून टाकलं. माहेरी मग एसटीनंच जायला लागलो. पोर वाटभर ओकायची, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, आणि ओकणारी पोर बघून लोक सरकून बसायचे. पामच्या त्या फाट्यावर गाडी थांबते. माणसं चढतात. कंडक्टर दोरी ओढायच्या आधी मागं बघून विचारतो, "बसले का सगळे?"

पहिल्या वेळी मी पारूच्या तोंडावर हात ठेवला होता. पुढं नाही ठेवला. पारूला खिडकीकडे ओढून घ्यायची, तिच्या कमरेला घट्ट विळखा घालायची, आणि माझ्या या बाजूला बाकावर वीतभर जागा सोडायची. गाडी कितीही भरलेली असली तरी सोडायची. कोणी बसायला आलं तर सांगायची, "आहे हो कोणीतरी."